बिसेराची खिडकी माझ्या काचेवर

मित्रांनो, शिक्षकांच्या खोलीत कॉफीच्या किटलीशेजारी भिंतीला पाठ लावून उभा असलेला जुना स्कॅनर तो मी. माझं झाकण एका बाजूने निखळलंय आणि ते शाळेचे शिपाई गोचोकाका यांनी तपकिरी चिकटपट्टीने बसवलंय. कागद आत घेताना मी घोरतो, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. चौदा वर्षं उभ्याने काम केलं की कोणीही घोरेल.

आमची शाळा बल्गेरियातल्या एका डोंगराळ गावात आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही. माणसांची नावंही बदलून सांगतोय. का, ते पुढे कळेलच. माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून भराभर सांगतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कोणाचे तरी थंड हात, तपासणीची एक चिठ्ठी, मग खोक्यातला काळोख. खोकं उघडलं ते इथेच. आमचे मुख्याध्यापक कालिन सर यांनी स्वतः माझी तार भिंतीत खोचली. कोणीतरी घरून गरम बानित्सा आणली होती, आणि तिचे चीज भरलेले तुकडे तोंडात टाकत सगळे शिक्षक माझ्याभोवती गोळा झाले होते. पहिला कागद बाहेर आला तेव्हा टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या मी कधीच विसरलो नाही.

माझं काम तसं सोपं. कागद काचेवर पालथा घालायचा, झाकण पाडायचं, हिरवं बटण दाबायचं. माझा दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो आणि कागदावर जे असेल ते सगळं मी घेतो. हवं तर छापून देतो, हवं तर संगणकावर पाठवतो. आणखी एक गोष्ट मी करत होतो, जी त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हती. जे जे घेतो, त्याची एक प्रत माझ्या पोटातल्या तबकडीत, म्हणजे हार्ड डिस्कवर, राहते. कोणी विचारलं नाही, म्हणून मीही बोललो नाही.

पहिली काही वर्षं माझा काय थाट होता! गणिताची स्वाध्यायपुस्तिका एकच विकत यायची आणि माझ्यातून सव्वीस निघायच्या. "मुलांसाठीच तर आहे," असं एक जण म्हणायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की प्रती काढू नयेत. ते पानसुद्धा मी सव्वीस वेळा छापलं. मला कधी वाईट वाटलं नाही. उलट, माझ्यावाचून शाळेचं पान हलत नाही, या गुर्मीत मी होतो.

सर्वांत जास्त माझ्याकडे यायच्या त्या झ्लातिना बाई. पाचवीच्या वर्गशिक्षिका. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची, आणि उगाच नाही. रविवारीसुद्धा त्या मुलांसाठी नवे नवे पाठ तयार करत आणि देशभरातले शिक्षक जिथे आपले पाठ टाकतात त्या संकेतस्थळावर ते टाकत. तिथे वाहवा झाली की मला थोपटून म्हणत, "बघ रे, तुझी आणि माझी जोडी." यंदा जिल्ह्याच्या शिक्षक पुरस्कारासाठी त्यांचं नाव गेलं होतं. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे जे झालं ते कोणा वाईट माणसाने केलेलं नाही.

नोव्हेंबरात, शाळा सुरू होऊन दोन महिने झाले असताना, एक नवी मुलगी आली. तिला आपण बिसेरा म्हणू. तिची आई नेवेना हिला चौकातल्या बेकरीत काम मिळालं होतं. दाखल्याच्या दिवशी नेवेनाने एक कागद स्वतः माझ्या काचेवर ठेवला. कोर्टाचा हुकूम होता. मुलीच्या बापाने त्या दोघींच्या जवळ यायचं नाही, फोन करायचा नाही, शोध घ्यायचा नाही. का, तेही त्यात लिहिलं होतं. तो भाग घेताना माझा दिवा जरा जास्तच थरथरला. दिव्याचं वय झालंय असं सगळ्यांना वाटलं.

"दोन वर्षांत हे तिसरं गाव," नेवेना सरांना म्हणाली. "पोरीचा फोटो कुठे टाकू नका. पत्ता नको, आडनाव नको. एवढंच करा, बाकी मी बघते."

"काळजी करू नका," सर म्हणाले आणि कागद कपाटात बंद केला. झ्लातिना बाईंनीही ते तंतोतंत पाळलं. वर्गाचा फोटो काढताना त्या बिसेराला काहीतरी काम सांगून माझ्याकडे पाठवत. ती मुकाट्याने माझ्यात कोरे कागद भरायची. महिनाभर ती कोणाशी बोललीच नाही. मग हळूहळू गोचोकाकांशी बोलू लागली. त्यांच्यापुढे गप्प राहणं कोणालाच जमत नाही.

"म्हातारबा आज घोरतोय का गं?" ते मला चापट मारत विचारायचे.

"घोरतोय. त्याला सर्दी झालीय," ती म्हणायची. मला म्हातारबा म्हटलेलं आवडत नाही, पण तिच्यासाठी मी चालवून घेतलं.

फेब्रुवारीच्या शेवटी बाईंनी वर्गात चित्र काढायला सांगितलं. विषय होता, माझ्या खिडकीतून. भिंतीवर लावायची होती ती चित्रं. बिसेराचं चित्र माझ्या काचेवर आलं तेव्हा मी थक्क झालो. चौकातलं एका काट्याचं घड्याळ. वाकडा मनोरा. बेकरीचं धुराडं आणि त्यावर करकोच्याचं रिकामं घरटं, एकेक काडी दिसेल असं. आणि खाली कोपऱ्यात, आमच्याकडे प्रत्येक वहीवर, पेपरवर, चित्रावर पोरं लिहितात तशी तिन्ही नावं. स्वतःचं, बापाचं आणि आडनाव. बिसेरा स्त्राहिलोवा कराजोवा. आडनाव नवं होतं, आईच्या माहेरचं. मधलं नाव बापाचंच राहिलं होतं, कारण ते कागदोपत्री तेच होतं आणि हात सवयीने लिहून जातो.

ते संकेतस्थळावरच्या पाठासोबत टाकायचं म्हणून बाईंनी कागदाची एक पट्टी फाडली आणि आडनावावर ठेवली.

"बघा काका, किती जपते मी," त्या म्हणाल्या. "चेहरा नाही, पत्ता नाही, आडनाव झाकलं."

"पोरीला विचारलंस का?" काकांनी सहज विचारलं.

"विचारायचं काय त्यात? खूशच होईल."

त्यांनी हिरवं बटण दाबलं. मी अडकलो असतो तर! हजार वेळा नको तिथे कागद खाल्लाय मी. त्या दिवशी मात्र अगदी शहाण्यासारखा चाललो. पट्टीखालचं सोडून सगळं घेतलं आणि पाठवून दिलं.

बाईंनी चित्र आपल्या पाठासोबत टाकलं. एक मार्चला गावभर लोकांनी एकमेकांच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा, म्हणजे मार्तेनित्सा, बांधला. करकोचा दिसेपर्यंत तो उतरवायचा नसतो, आणि बिसेराच्या चित्रात नेमकं करकोच्याचं घरटं. सणाला याहून साजेसं चित्र कुठलं? शुभेच्छापत्रं विकणाऱ्या एका संकेतस्थळाने ते उचललं. मुलांच्या एका ऑनलाइन मासिकानेही उचललं. बाईंना कोणी विचारलं नाही, जसं बाईंनी बिसेराला विचारलं नव्हतं. मासिकाने श्रेय मात्र छापलं, झ्लातिना बाईंच्या नावाने आणि शाळेच्या नावाने.

मंगळवारी सकाळी दहाला नेवेना शिक्षकांच्या खोलीत शिरली. हातांना पीठ तसंच होतं. तिने फोन टेबलावर ठेवला.

"बेकरीत एक बाई आल्या," ती म्हणाली. "मला म्हणतात, अगं, हे तुमचंच धुराडं ना? किती गोड! फोनवर कार्ड दाखवत होत्या मला. माझ्या पोरीचं चित्र."

झ्लातिना बाई उठून उभ्या राहिल्या. "पण नेवेना, त्यात चेहरा कुठेय? आडनावसुद्धा मी झाकलंय."

"आडनाव झाकलंत. आणि मधलं?"

बाईंनी फोन उचलून बघितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला.

"बाई, तो माझ्या माहेरचं आडनाव कशाला शोधेल? पोरीने ते घेतलंय हे त्याला माहीतही नाही," नेवेना म्हणाली. "तो पोरीचं नाव आणि स्वतःचं नाव टाकून शोधतो. हेच दोन शब्द, आणि चित्रात लिहिलेलंही हल्ली शोधात सापडतं. तेवढे दोनच तुम्ही उघडे ठेवलेत! आणि वर आमच्या खिडकीतून काय काय दिसतं तेही दाखवलंत."

"मी आत्ता काढते. या क्षणी."

आपल्या पानावरचं चित्र बाईंनी पाच मिनिटांत काढलं. बाकीचं त्यांच्या हातात नव्हतं. सरांनी दोन्ही ठिकाणी पत्रं पाठवली. दुपारी कार्डवाल्यांचं उत्तर आलं. चित्रात कोणाही व्यक्तीचा चेहरा नसल्याने हा खाजगी माहितीचा प्रश्न आहे असं वाटत नाही, तरी तीस दिवसांत कळवू. मासिकाने तेवढंही कळवलं नाही.

"तीस दिवस," नेवेना म्हणाली. "तीस दिवसांत मी दोन गावं बदलते."

बुधवारी पहिल्या तासाला खोलीतला फोन वाजला. गोचोकाका किटली धूत होते, त्यांनीच उचलला. आवाज मोठा होता, मला स्पष्ट ऐकू आला.

"मासिकातून बोलतोय. त्या चित्राला बक्षीस मिळालंय. मुलगी तुमच्याच शाळेत आहे ना? पत्ता सांगा, घरी पाठवतो."

मित्रांनो, गोचोकाका हा बढाया मारण्यात पटाईत माणूस. आमच्या शाळेचं कौतुक म्हटलं की त्यांना राहवत नाही. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग त्यांची नजर बिसेराने सकाळीच भरून ठेवलेल्या कोऱ्या कागदांवर गेली.

"बक्षीस? वा वा," काका म्हणाले. "मग शाळेच्या पत्त्यावर लेखी पाठवा की. सही-शिक्क्याचं."

"ती तिथे आहे की नाही, एवढंच सांगा."

"मुलांची नावं आम्ही फोनवर सांगत नाही, साहेब. एकाचंही नाही. माझी नात इथे असती तर तिचंही सांगितलं नसतं."

"काल तर संकेतस्थळावर सांगत होतात," तो माणूस म्हणाला आणि फोन ठेवला.

काकांनी हात पुसला, नंबर एका कागदावर उतरवला आणि नेवेनाला निरोप धाडला. ती बेकरीतून तशीच, पिठाच्या हातांनी आली. तिने पोलिसांना तो नंबर कळवला. नंबर त्याचाच होता, आणि तसा फोन करणंही हुकमाने मना होतं. "आम्ही त्याच्याकडे माणूस पाठवतो," पोलीस म्हणाले. माणूस पोहोचेपर्यंत तो घरी असेल की रस्त्यात, हे कोणालाच सांगता येईना.

"मी बॅग भरते," नेवेना म्हणाली. "चित्र तिथे आहे तोवर कोणी ना कोणी त्याला आमचा ठिकाणा सांगणारच. आत्ता कुठे पोर माणसांत आली होती हो."

"मी नाही जाणार."

दारात बिसेरा उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे. तिने सरळ झ्लातिना बाईंकडे पाहिलं.

"ते चित्र माझं आहे ना, बाई?"

"तुझंच आहे गं."

"मग मी ते कोणाला दिलं होतं? तुम्ही म्हणालात भिंतीवर लावायचंय. मी भिंतीला दिलं होतं."

कालिन सर सावकाश म्हणाले, "चेहऱ्यावर अडून बसले ना ते? चेहरा राहू दे. चित्र काढणाऱ्याचा चित्रावर हक्क असतो. तिने परवानगी दिली नसेल तर त्यांना ते ठेवताच येणार नाही. पण एक आहे. तक्रारीच्या अर्जात पूर्ण नाव-पत्ता मागतात."

"म्हणजे लपायचं असेल तर आधी पत्ता द्यायचा?" नेवेना कडवट हसली.

"तिचा नको," झ्लातिना बाई म्हणाल्या. "माझा देऊ."

त्या टेबलाशी बसल्या आणि हाताने पत्र लिहू लागल्या. हे चित्र माझ्या विद्यार्थिनीचं आहे. मी तिला न विचारता ते टाकलं. तो हक्क मला नव्हता, त्यामुळे माझ्याकडून तो तुम्हालाही मिळालेला नाही. शाळेच्या वतीने आणि मुलीच्या आईच्या संमतीने मागणी करते की आजच काढावं. खाली स्वतःची तिन्ही नावं आणि घरचा पत्ता.

"झ्लातिना, हे पुरस्कारवाल्यांपर्यंत जाईल," सर हळूच म्हणाले.

"जाऊ दे, सर. त्यांनाही मीच पाठवते."

चित्र तिचंच आहे हे दाखवायला मूळ कागद भिंतीवरून काढून आणला. त्याच्या मागे बिसेराने पेन्सिलने घरटं चार वेळा गिरवून खोडलं होतं. चोराकडे पुढची बाजू असते, मागची नसते. कागद माझ्या काचेवर आला. बाई पट्टी फाडू लागल्या, तर बिसेराने त्यांच्या हातातून कागद घेतला. तिने स्वतः रुंद पट्टी फाडली आणि तिन्ही नावांवर ठेवली. मग घड्याळावर एक आणि धुराड्यावर एक.

"आता दाबा," ती म्हणाली.

बाईंनी बटण दाबलं आणि माझा दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. नाही लागला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. नको तेव्हा धडधडत चाललो आणि हवं तेव्हा ढिम्म! काकांनी झाकण उचललं, बुक्की मारली. "म्हातारबा, आज नखरे केलेस ना, तर भंगारात घालीन." कसाबसा दिवा पेटला. मी घोरत, थरथरत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. पत्र गेलं, मागची बाजू गेली.

मासिकाने दुपारी दोनला चित्र काढलं. कार्डवाल्यांनी शाळा सुटेपर्यंत वाट पाहायला लावली. बाई दर दोन मिनिटांनी पान उघडून बघत होत्या आणि नेवेना खिडकीपाशी उभी राहून फाटकाकडे बघत होती. चारला पान उघडलं तर चित्राच्या जागी रिकामा चौकोन होता. नेवेना मटकन खुर्चीत बसली. रडली, आणि पिठाचे हात तोंडाला लागले म्हणून मग हसलीही.

तो माणूस त्याच संध्याकाळी शेजारच्या गावच्या पेट्रोलपंपावर सापडला. आमच्यापासून बारा किलोमीटरवर. पोलिसांनी त्याला नेलं. बारा किलोमीटर, मित्रांनो. हा आकडा मी कधीकधी मनातल्या मनात मोजत बसतो.

त्या दोघी राहिल्या. करकोचा तीन आठवड्यांनी आला. पोरं आपापले दोरे फुललेल्या झाडाला बांधायला धावली, आणि बिसेराही धावली. झ्लातिना बाईंना पुरस्कार मिळाला नाही. मे महिन्यात बिसेराने नवं चित्र काढलं. माझंच, मोडक्या झाकणासकट. बाई खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "हे वर्गात लावू का?"

"नको," बिसेरा म्हणाली.

"बरं," बाई म्हणाल्या आणि चित्र तिला परत दिलं. इतकं छोटं बोलणं, पण ते ऐकून मला फार समाधान वाटलं.

परवा माझ्या जागी नवं यंत्र आलं. ते बसवणाऱ्याने जाता जाता विचारलं, "या जुन्याची तबकडी पुसलीत ना? चौदा वर्षांचं सगळं असेल हो यात." झ्लातिना बाईंनी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. कोर्टाचा हुकूम. बिसेराचं चित्र. सगळं माझ्या पोटात, आणि भंगारवाल्याची गाडी दारात येऊन उभी राहायची होती.

आज सकाळी बाई बिसेराला घेऊन आल्या. माझ्या छोट्या पडद्यावर प्रश्न होता, सगळं कायमचं पुसायचं? खाली 'हो' आणि 'नाही'.

"तू ठरव," बाई म्हणाल्या.

"याला काही होईल का?" तिने काकांना विचारलं.

"म्हातारबाला? अगं, ओझं उतरेल बिचाऱ्याचं."

तिने माझ्या चिकटपट्टीवर एकदा हात फिरवला आणि 'हो'वर बोट ठेवलं.

तेव्हापासून हे तुम्हाला सांगतोय. जुन्या वस्तू जाताना म्हणतात की आम्हाला जपा, टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. मला खुशाल टाका, पण पुसून टाका. आणि दुसऱ्याचा कागद कुठल्याही काचेवर ठेवण्याआधी ज्याचा आहे त्याला विचारा. तो नको म्हणाला, तर बरं म्हणा.

पडद्यावर नव्वद टक्के झालेत. पहिल्या दिवशी लोक माझ्याभोवती उभे होते. काहीतरी वाजलं होतं, काय ते आता आठवत नाही. पंच्याण्णव. खिडकीतून एक धुराडं दिसत होतं, त्यावर काड्या होत्या. कोपऱ्यात तीन नावं होती. पहिलं होतं...

नाही आठवत. बरं झालं.